रूपीला विचारून

निलमने फडक्यात बांधलेले पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले, पण त्यावरचा हात मात्र काढला नाही.

"काका, एक सांगायचं राहिलं. उघडण्याआधी तिला विचारा."

"कोणाला?"

"रूपीला."

"रूपी कोण?"

"माझ्या आजेसासूची मुलगी. लहानपणीच गेली. म्हणजे हरवली." ती ओशाळून हसली. "मी अंगणवाडीत पोरांना सांगते, भूतबित काही नसतं. आणि इथे तुम्हाला हे सांगतेय. पण आजींनी शपथ घातलीय."

निलम तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरून आली होती. जुनी पुस्तके दुरुस्त करणारा एक म्हातारा चिंचणीत राहतो, एवढे तिला कोणीतरी सांगितले होते. ते खरे आहे. तंत्रनिकेतनात मी मुद्रणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पुढे सारी नोकरी मुंबईच्या छापखान्यात केली. तिथे दगडावरची छपाई बंद झाली, तेव्हा दोन दगड आणि एक हातयंत्र भंगारात जाण्याआधी मी मागून घेतले. आता ते माझ्या मागच्या खोलीत आहेत. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचे बोंबील वाळत असतात. पत्नी गेल्यापासून त्या वासाबद्दल घरात कोणी तक्रार करत नाही.

"आजींचं म्हणणं काय आहे?" मी विचारले.

"शेवटचं पान नाहीये यात. ते तुम्ही करून द्यायचं. आजी आता अंथरुणावर आहेत. पान लागल्याशिवाय जीव जाणार नाही म्हणतात. आणि गेला तर पोर कायमची बाहेर राहील म्हणतात."

ती गेल्यावर मी हात धुतले, टेबलावर पांढरा कागद पसरला आणि फडके सोडले. फडक्यात तांदळाचे काही दाणे चिकटले होते. मी कोणालाही काही विचारले नाही. वस्तूची तपासणी करताना वस्तूची परवानगी घेण्याची पद्धत मला कोणी शिकवली नव्हती.

पहिले पान उघडताच ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला. पुस्तकाला लागलेला जुना धूर मला ठाऊक आहे. तो कोरडा असतो आणि नाक कागदाजवळ नेल्यावरच जाणवतो. हा वास कोणीतरी नुकतीच चूल फुंकून सोडून द्यावी तसा होता. मी उठून बाहेर पाहिले. अंगणात ऊन होते आणि चूल कुठेही पेटलेली नव्हती.

पुस्तक रशियन होते. मुलांची परीकथा, शंभर वर्षांच्या आसपासची, दगडावरून छापलेली. मजकूर अगदी थोडा, पानाच्या तळाशी एखाददुसरी ओळ. बाकी सारे पान चित्राचे. झाडे म्हणजे काळे उभे पट्टे, चंद्र म्हणजे लाल वर्तुळ, वाट म्हणजे पिवळा तिरपा चौकोन. घर, लांडगा, म्हातारी, सारे काही त्रिकोण आणि वर्तुळांतून उभे केलेले, आणि चेहरा कुणालाच नाही. चित्र काढणाऱ्या हाताला जगात अनावश्यक काही नकोच होते. माझ्यासारख्या छपाईवाल्या माणसालाही थोडा वेळ श्वास रोखावासा वाटला, इतके ते नेमके होते.

या पानांतून एक लहान पांढरी मुलगी चालत होती.

ती मूळ पुस्तकातली नव्हती. आमच्याकडे लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यातल्यासारखीच ही होती: दोन त्रिकोणांचे अंग, गोल डोके, काडीसारखे हातपाय. डाव्या हातात खापरीचा तुकडा. ती रशियन जंगलात इतकी चपखल बसली होती की क्षणभर मला वाटले, दोन्ही एकाच बाईने काढले असावे.

मी नेहमीच्या क्रमाने तपासणी केली. तिरप्या प्रकाशात पहिल्या पाच चित्रांतली मुलगी कागदावर उठून दिसली. पिठाचा थर होता, त्याला बारीक भेगा होत्या, बांबूच्या काडीचे ओरखडे होते. सहाव्या चित्रात मात्र तिला सावली पडेना. बोट फिरवले; काहीच लागले नाही. सातव्यात, आठव्यात, अकराव्यापर्यंत तसेच.

याचे एक साधे कारण असू शकते. ओला रंग समोरच्या पानाला लागतो आणि तिथे फिकट छाप उमटते. छापखान्यात हा रोजचा त्रास. पण अशी छाप नेहमी उलटी असते, आरशातल्यासारखी. डाव्या हातातली खापरी उजव्या हातात जायला हवी होती. ती सगळीकडे डाव्याच हातात होती.

मग मी भिंग लावले. दगडावर खडूने काढलेले चित्र छापले की काळ्या रंगात बारीक दाणा दिसतो, वाळूसारखा. पांढरा रंग कोणी वर लावला असता तर त्याखाली तो दाणा असता. इथे तो मुलीच्या कडेशी येऊन थांबत होता. आत नुसता कोरा कागद. म्हणजे तिच्यावर शाई कधी पडलीच नव्हती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, दूरच्या थंड शहरात, त्या दगडावर तिच्यापुरती जागा आधीच सोडलेली होती.

मी भिंग ठेवले, चहा केला, पुन्हा येऊन पाहिले. निष्कर्ष बदलला नाही. अकराव्या चित्रात ती पानाच्या उजव्या कडेला उभी होती, एक पाय उचललेला. पुढे फाटलेल्या पानाची दोऱ्यात अडकलेली चिंधी होती.

धुराचा वास मी पुस्तक बांधून ठेवेपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी डहाणू रोडवरून तलासरीला गेलो. निलमचा नवरा दिपक मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा होता. त्याने मला पुस्तकासह मागे बसवले.

"घट्ट धरा काका. पुस्तकाला काय झालं तर डोकरी मला घरात घेणार नाय."

"आणि मला काही झालं तर?"

"तुम्हाला निलम बांधून देईल," तो म्हणाला.

घर कुडाचे, नीट सारवलेले. पुतळीआजी खाटेवर होत्या. अंग वाळून काटकीसारखे झालेले, पण डोळे माझ्या हातातल्या गाठोड्यावर स्थिर.

"विचारलंस का तिला?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

मी गाठोडे खाटेच्या कडेला ठेवले.

"नाय विचारलंस. मग धूर आला असंल."

निलमने माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

आजींनी सांगितलेली हकीकत मी माझ्या भाषेत मांडतो. खूप वर्षांपूर्वी तलासरीला लाल बावट्याची सभा होती. सभेला एक वयस्कर रशियन बाई पाहुणी म्हणून आली होती. आजींचे यजमान सुक्या यांनी तिचे सामान गाडीवर वाहिले. सोबत त्यांची मुलगी होती, रूपी. बाईने पिशवीतून हे पुस्तक काढून रूपीच्या हातात दिले. घरात कोणालाच वाचता येत नव्हते, आणि येत असते तरी ती लिपी कोणाला ठाऊक असणार? पण चित्रे रूपीला कळली. चित्रांत कुठे दिसत नसली तरी एक पोर जंगलातून विस्तव आणायला जाते, इतके ती स्वतःच सर्वांना सांगे. शेवटच्या चित्रात काय होते ते आजींना नीट आठवत नव्हते. "घर होतं," त्या म्हणाल्या. "एवढंच. घर होतं."

मग गवतकापणीचे दिवस आले. सगळे रानात खोपीवर राहायला गेले. एका सकाळी दव इतके पडले होते की लाकडे पेटेनात. काडेपेटीत एकच काडी उरली होती.

"वाळला कागद कुठंच नव्हता," आजी म्हणाल्या. "पोरीचं पुस्तक होतं. मागचं पान फाडलं. भसकन पेटलं नि इझलं. लाकूड नाय पेटलं. मग तिच्या हातात खापरी दिली, बोलले, जा, पलीकडच्या खोपीवरनं इस्तू घेऊन ये." त्यांनी गाठोड्यावर हात ठेवला. "गेली ती गेली. खोपीवर पोचलीच नाय. नदीत शोधली, झाडीत शोधली. वाघरानं नेली म्हणत, तर चिंधी पण नाय मिळाली. आंगच नाय तर दीस कसा घालायचा? कोणाचं नाव घ्यायचं?"

दीस म्हणजे मृताचे अखेरचे कार्य. त्यासाठी बोलावलेला गायक, कामडी, घांगळी हे तंतुवाद्य वाजवत गाऊन जीवाला पूर्वजांपर्यंत पोचवतो. रूपीसाठी ते कधी झाले नव्हते.

"घर मीच जाळलं नि मंग तिला पाठवली," आजी म्हणाल्या. "ती इस्तू घेऊन येईल कुठं?"

म्हणून दर वर्षी नवे धान्य घरात आले की त्या पिठाचे पाणी करून रूपीला एक पान पुढे काढीत. आपल्या हाताने तिला घराकडे आणीत. पाच पाने झाली आणि सुक्या वारले. विधवा बाई चौक लिहीत नाही; पिठाला तिचा हात लागत नाही.

"मग पुढची कोणी काढली?" मी विचारले.

"कोण काढील?" आजी म्हणाल्या. "चालायला लागलेली पोर थांबते का?"

मी निलमकडे वळलो. "तुम्ही?"

"काका, मी लग्न होऊन आले तेव्हा ती नवव्यावर होती," निलम हळू म्हणाली. "मला वाटायचं आजींनीच गुपचूप काढलीय."

निघताना आजींनी माझे मनगट धरले. "लवकर कर. ती उंबऱ्याशी उभी हाय नि उंबराच नाय."

मी मॉस्कोतल्या एका ग्रंथालयाला इंग्रजीत ईमेल केला. मुखपृष्ठाची आणि शीर्षकपानाची छायाचित्रे सोबत पाठवली. मुलगी असलेले एकही पान मुद्दाम पाठवले नाही. उत्तर चार-पाच दिवसांत आले. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी उद्गारचिन्हांसह लिहिले होते. पुस्तक अतिशय दुर्मिळ. चित्रकर्ती त्या काळच्या नव्या, बंडखोर कलावंतांपैकी. मुलांना भीती वाटेल आणि शिकवण काहीच मिळणार नाही, असे ठरवून बहुतेक प्रती नष्ट केल्या गेल्या. चित्रकर्तीचे पुढे काय झाले याची माहिती नाही. ग्रंथालयाकडे एक प्रत आहे, तिची सर्व पाने त्यांनी जोडली होती. तुमची प्रत कधी द्यावीशी वाटली तर आधी आम्हाला कळवा, असेही होते.

मी बारा चित्रे क्रमाने पाहिली. त्यांच्या प्रतीत जंगल सलग काळे होते. सहाव्या चित्रात, अकराव्या चित्रात, कुठेही मुलीची जागा सोडलेली नव्हती.

बारावे चित्र होते घराचे. काळा चौकोन, लाल छप्पर, एक पिवळी खिडकी. खिडकी रिकामी. दार बंद. खालच्या ओळीचा अर्थ ग्रंथपाल बाईंनी इंग्रजीत दिला होता. मराठीत तो असा होईल: घरात दिवा होता, पण दार कोणी उघडले नाही.

गोष्ट तिथेच संपत होती.

मी निलमला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले.

"काका, दार उघडं काढा."

"तसं करता येत नाही."

"का नाही? तुमच्याच हातानं तर काढायचंय. आजींना कुठे मूळ चित्र माहितीये?"

"मी दुरुस्ती करतो. जे पुस्तकात नव्हतं ते मी घालत नाही."

"आणि ती पोर होती का पुस्तकात?" निलमचा आवाज चढला. "ती चालतेय ना? तुम्ही स्वतः भिंगातून पाहिलंत ना? मरायला टेकलेल्या बाईला तुम्ही बंद दार दाखवणार? दुरुस्ती म्हणे!"

तिने फोन ठेवला. मला राग आला नाही, कारण तिचे म्हणणे खोडून काढता येत नव्हते. तरीही मी माझा नियम मोडला नाही. हट्ट होता असे कोणी म्हणेल. माझी समजूत वेगळी होती: उघडे दार मी काढले, तर ते माझे घर होईल. रूपी ज्या घराकडे निघाली होती ते नव्हे.

मी दगड घासला, खडूने चित्र उलटे काढले, आम्ल आणि गोंद लावला. तीन रंगांचे तीन वेळा काम. प्रत्येक कामाच्या दोन प्रती काढण्याची मला सवय आहे, एक ग्राहकाची आणि एक ताडून पाहण्यासाठी. दोन्ही प्रती दोरीवर वाळत घातल्या. शेजारून पाहिल्या तर त्यांत केसाचाही फरक नव्हता. एक प्रत टेबलाच्या खणात ठेवली. दुसरी पुस्तकात शिवायची होती.

शिवण्यासाठी पुस्तक उघडायचे होते. मी दाराकडे पाहिले, रस्त्यावर कोणी नव्हते. "रूपी, उघडू का?" मी विचारले. स्वतःचाच आवाज मला परका वाटला. फडके सोडले. धूर आला नाही.

पुस्तक घेऊन पाड्यावर गेलो तेव्हा निलम माझ्याशी बोलली नाही. तिने आजींच्या पाठीमागे गोधडी लावून त्यांना बसते केले. वाटीत तिने पिठाचे पाणी कालवून ठेवले होते, शेजारी बांबूची काडी.

"मी सवाशीण आहे, आजी," ती म्हणाली. "पान लागलंय. मी काढते तिला, घरापाशी."

"नको," आजी म्हणाल्या. "एवढी आपली आपण आलीय. आथा ओढून आणायची नाय. दाखव मना."

मी बारावे पान त्यांच्यासमोर धरले. निलमने तोंड फिरवले. आजींनी नाक कागदाला लागेल इतके जवळून पाहिले. बोट आधी छपरावरून फिरले, मग खिडकीवरून, मग दारावर येऊन थांबले.

"कवाड लावलेलं हाय," त्या म्हणाल्या.

"मूळ चित्रात तसंच आहे, आजी," मी म्हणालो. "मी बदललं नाही."

"बरं केलंस." त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा काही सुटकेचा भाव आला, की जणू हरवलेली किल्ली कनवटीलाच सापडली. "घरात कोणच नाय. म्हणून कवाड उघडलं नाय. दिवा लावलाय, पण आत कोण नाय."

"आजी..." निलम म्हणाली.

"मी बाहेर बसून वाट बघत राहिले गं. बाहेर बसून काय उपयोग? आतनं उघडाय पाहिजे."

त्यांनी पुस्तक मिटून उशाशी घेतले. निलमला म्हणाल्या, "ह्यांना च्या दे. किती लांबनं आले." निलमने चहा दिला आणि बरोबर दोन बिस्किटेही ठेवली. माझ्यावरचा राग तिने तिथेच सोडला असे मी समजलो.

आजी त्याच आठवड्यात गेल्या, भर दुपारी, झोपेत. दीस घातला तेव्हा मला निरोप आला आणि मी गेलो. कामडीने घांगळीवर दोन नावे घेतली, पुतळी आणि रूपी. अंग सापडले नसताना दुसरे नाव कसे, म्हणून एका वृद्धाने हरकत घेतली. कामडी गाणे न थांबवता म्हणाला, "आईनं उघडलंय. तू कोण इचारणारा?" लोक हसले, आणि पुन्हा गंभीर झाले.

कार्य संपल्यावर निलमने पुस्तक माझ्या हातात दिले.

"आजींनी सांगून ठेवलं होतं, पोर पोचली की पुस्तक रिकामं. मग ज्यांना पाहिजे त्यांना देऊन टाका. पाठवा त्या रशियाला."

"तुम्ही उघडून पाहिलंत?"

"नाही काका. मला धीर नाही झाला. तुम्ही बघा, पण मला सांगू नका. नाहीतर... सांगा. नको, राहू दे."

घरी आल्यावर मी टेबलावर पांढरा कागद पसरला. विचारले. उत्तराची अपेक्षा नव्हती, तरी थोडा थांबलो. पुस्तक उघडल्यावर जुन्या कागदाचा आणि माझ्याच सरसाचा वास आला, दुसरा कसलाही नाही.

पहिल्या पाच चित्रांत पिठाची मुलगी होती, भेगाळलेली, आजींच्या हातची. सहाव्या चित्रात जंगल सलग काळे होते. मी भिंग लावले. काळा दाणा पानभर एकसारखा, कुठेही न थांबलेला. सातव्यात, आठव्यात, अकराव्यातही तसेच. ग्रंथालयाच्या छायाचित्रांशी तंतोतंत जुळणारे. जिथे ती पाय उचलून उभी होती तिथे आता छापलेली रात्र होती.

बारावे पान उघडण्याआधी मी खणातली प्रत काढून शेजारी ठेवली. दोन्ही एकाच दगडाची, एकाच दिवसाची. दार बंद होते, दोन्हींत. हे पाहून मला बरे वाटले, हे मी नाकारत नाही. छप्पर तेच, घराची काळी कड तीच. मग मी खिडकीकडे आलो.

खणातल्या प्रतीत खिडकी पूर्ण पिवळी होती. पुस्तकातल्या खिडकीत दोन पांढरी वर्तुळे होती, एक मोठे आणि त्याला टेकलेले एक लहान. चेहरे नाहीत. भिंगाखाली पिवळा रंग त्यांच्या कडेशी येऊन थांबत होता. आत कोरा कागद. तो कागद मी स्वतः कापला होता आणि पिवळा रंग मी स्वतः चढवला होता.

ग्रंथालयाला पाठवायच्या अहवालात शेवटचे पान नवीन असल्याचे मी लिहिले. कागद, शाई, दगड, शिवण यांचा तपशील दिला. खिडकीबद्दल एक वाक्य लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले: येथे मूळ चित्रापेक्षा फरक आहे, तो दुरुस्तीकाराने केलेला नाही. त्यांनी काय समजायचे ते समजावे. निलमला मी फोनवर फक्त "पोचली" इतके सांगितले.  पलीकडे ती रडली असावी.

पुस्तक गेले. ताडून पाहण्याची प्रत मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. काम पूर्ण झाल्यावर अशी प्रत मी फाडून टाकतो, तसा माझा नियम आहे. ही फाडलेली नाही. त्या घरात दिवा आहे, दार बंद आहे आणि आत अजून कोणी नाही. खणात माझ्या सुया आणि दोरे असतात, त्यामुळे दिवसातून एकदोनदा तो उघडावा लागतो.

उघडण्याआधी मी विचारतो.